ब्रह्मावर्त : एका मराठी वस्तीचा उदयास्त

कानपूरच्या वायव्येस सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर गंगेच्या उजव्या तीरी बिठूर नावाचे एक लहानसे गाव आहे. उत्तरेकडील लोक त्यास बिठूर म्हणतात. आपल्या जुन्या पत्रांतून व बखरींतून ते ‘ब्रह्मावर्त’ या नावाने येते. एकाच गावाच्या या दोन नावांमागे दोन निरनिराळे इतिहास आहेत. बिठूर हे पुरातन तीर्थ आहे. ब्रह्मावर्त ही त्या तीर्थावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिलेली व अवघ्या चाळीस वर्षांत उद्ध्वस्त झालेली मराठी वस्ती आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही वस्ती होय. ती कशी वसली हे बहुश्रुत आहे. ती का टिकली नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण ‘सत्तावन सालच्या तोफांमुळे’ अशा चार शब्दांत देऊन मोकळे होतो. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अपुरेपणा परवडण्यासारखा नाही.

मराठ्यांच्या आगमनापूर्वीही हे स्थळ अप्रसिद्ध नव्हते. येथे सापडलेली तांब्याची प्राचीन हत्यारे या भूमीवरील मनुष्यवस्ती किती जुनी आहे याची साक्ष देतात. वाल्मीकींचा आश्रम येथेच होता, लवकुशांचा जन्म येथेच झाला, अशी तीर्थकथा आहे. ध्रुवाच्या तपश्चर्येचे म्हणून एक टेकाड दाखविले जाते, आणि मुख्य घाटावर ब्रह्मदेवाच्या यज्ञाची खूण म्हणून एक खुंटी पूजिली जाते. सृष्टीचा मध्यबिंदू तो हाच, अशी भाविकांची समजूत आहे. अवधच्या दरबारातील टिकैतराय या मंत्र्याने येथे लाल दगडाचा घाट बांधविला. १८०१ साली अवधच्या नबाबाने कानपूरचा मुलूख कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, आणि त्यानंतर काही वर्षे जिल्ह्याच्या कचेऱ्या बिठुरास होत्या. म्हणजे पेशवे येथे आले ते ओसाड रानात नव्हे, तर यात्रेकरू, क्षेत्रोपाध्ये, नावाडी व लहानमोठे व्यापारी यांनी गजबजलेल्या एका तीर्थाच्या गावी आले.

३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होऊन पेशवेपदाचा त्याग केला. वार्षिक आठ लक्ष रुपयांपेक्षा कमी नसेल असे निवृत्तिवेतन आणि दक्षिणेत पुन्हा पाऊल न ठेवता उत्तरेकडील एखाद्या पवित्र क्षेत्री वास्तव्य, ही त्या करारातील मुख्य कलमे होत. स्थळाची निवड अखेर बिठूरवर येऊन ठरली. गंगातीर असल्याने बाजीरावांच्या धर्मनिष्ठेचे समाधान झाले, आणि कानपूरची छावणी हाकेच्या अंतरावर असल्याने कंपनीच्या संशयाचेही समाधान झाले. १८१९ च्या आरंभी पेशव्यांचा परिवार येथे दाखल झाला. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी कंपनीने एक कमिशनर नेमला. पहिला कमिशनर जॉन लो व शेवटचा मॅन्सन. या दोघांच्या दरम्यानचा काळ म्हणजेच मराठी ब्रह्मावर्ताचे आयुष्य.

बाजीरावांबरोबर व त्यांच्या मागोमाग जी माणसे आली त्यांची संख्या हजारांच्या घरात होती. कारकून, शागीर्दपेशा, शिलेदार, वैदिक, पुराणिक, स्वयंपाकी, वैद्य, आश्रित आणि या सर्वांची कुटुंबे असा तो लवाजमा होता. पेशव्यांना येथे एक जहागीर तोडून देण्यात आली आणि तिच्या हद्दीत कंपनीच्या दिवाणी-फौजदारी कोर्टांचा अंमल चालू नये अशी सवलतही मिळाली. राज्य गेले होते. पण राज्याची एक लहानशी प्रतिकृती गंगाकाठी मांडली गेली होती. वाडा उठला, देवालये झाली, घाटांवर स्नानसंध्येची गर्दी होऊ लागली. अनुष्ठाने, दक्षिणा, ब्राह्मणभोजने, व्रतबंध, विवाह यांची वर्षभर रीघ लागे. आजूबाजूस अवधी-कनौजी बोलणाऱ्या मुलखात या गावच्या गल्लीबोळांतून मात्र पुण्याची व कोकणाची मराठी ऐकू येई.

याच वस्तीत पुढील इतिहासातील तीन नावे लहानाची मोठी झाली. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव नारायण भट आपल्या कुटुंबासह पेशव्यांच्या आश्रयास आले. त्यांचा मुलगा धोंडोपंत यास बाजीरावांनी १८२७ साली दत्तक घेतले. तेच नानासाहेब. येवल्याकडून आलेल्या पांडुरंगपंतांचा मुलगा रामचंद्र पुढे तात्या टोपे म्हणून विख्यात झाला. काशीस चिमाजी आप्पांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे आप्पांच्या मृत्यूनंतर आपली मातृहीन कन्या मनकर्णिका हिला घेऊन ब्रह्मावर्तास आले. १८४२ साली तिचा विवाह झाशीच्या गंगाधररावांशी झाला. एवढ्याशा गावाने एकाच पिढीत ही तीन माणसे द्यावीत, हे त्या गावाचे असामान्य भाग्य खरे. परंतु तीन विलक्षण व्यक्ती देणे आणि एक टिकाऊ समाज घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. १८१८ पासून १८५१ पर्यंत सुमारे तेहतीस वर्षे दरसाल आठ लक्ष या मानाने या गावात अडीच कोटींहून अधिक रुपये आले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. ती कोठे गेली? आश्रितांच्या पोटापाण्यास, धर्मकृत्यांस, देवालयांस, दागदागिन्यांस आणि समारंभांस गेली. कंपनीस तिच्या अफगाण युद्धात कर्जाऊ रक्कम देण्याइतकी शिल्लकही बाजीरावांजवळ होती. या खर्चास सरसकट उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो माणसांस अन्न मिळाले, हे काही थोडे नव्हे. तथापि या गावात कापड विणणारा माग, मालाची पेठ, मोठी पाठशाळा, पुस्तकसंग्रह किंवा छापखाना यांपैकी असे काही उभे राहिले नाही की जे पेशव्यांच्या खजिन्याचा झरा आटल्यावरही आपल्या बळावर चालू शकले असते. सारे गाव एका माणसाच्या आयुष्यावर जगत होते, आणि ते आयुष्य संपले तेव्हा शहात्तर वर्षांचे झालेले होते.

हे विधान कठोर वाटेल म्हणून त्याच काळातील दुसऱ्या एका मराठी निवृत्तिवेतनधारकाकडे पाहू. तंजावरचे सरफोजी राजे यांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीस दिला. त्यांच्याकडे किल्ला व आसपासचा थोडा परिसर उरला, आणि वर्षास एक लक्ष होन व वसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. सत्तेच्या दृष्टीने त्यांची स्थिती बाजीरावांहून फारशी निराळी नव्हती. परंतु १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. वाड्यात छापखाना घालून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापविले. आणि पूर्वजांकडून आलेल्या पोथ्यांत अनेक भाषांतील हस्तलिखितांची व ग्रंथांची भर घालून सरस्वती महाल संपन्न केला. १८३२ साली राजे वारले, १८५५ साली संस्थानही खालसा झाले. पण सरस्वती महाल राहिला. मद्रासेकडील मराठी माणसाला, त्याची बोली आता कितीही तमिळमिश्रित झाली असली तरी, आपला इतिहास शोधण्यासाठी जाण्याचे एक दार आजही उघडे आहे. ब्रह्मावर्तच्या मराठी माणसाला असे दार नाही.

या तुलनेवर एक रास्त आक्षेप येईल. तंजावरवर १८५७ चा वणवा आला नाही. ब्रह्मावर्तास ग्रंथालय असते तरी ते वाड्याबरोबरच जळाले असते. हे मान्य केले पाहिजे. आणखी असेही म्हणता येईल की सरफोजी आपल्या पूर्वजांच्या राजधानीत बसलेले होते, तर बाजीराव परमुलखात, कमिशनरच्या नजरेखाली होते. याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मला वाटते, खरे कारण याहून खोल आहे. तंजावरचे मराठे दीडशे वर्षांत तेथले झाले होते. ब्रह्मावर्तचे मराठे बत्तीस वर्षे राहूनही तेथले झाले नाहीत. कोणी गंगातीरी देह ठेवावयास आलेले होते, तर कोणी आज ना उद्या दैव फिरेल व दक्षिणेची वाट मोकळी होईल या आशेवर दिवस काढीत होते. गाठोडी बांधून बसलेला मनुष्य धर्मशाळेत झाड लावीत नाही. त्या पिढीची ही मनोवृत्ती समजण्यासारखी आहे. तिचे फळ मात्र पुढील पिढ्यांस भोगावे लागले.

म्हणूनच या वस्तीच्या ऱ्हासाचा आरंभ १८५७ साली नव्हे, १८५१ साली झाला असे मी म्हणतो. त्या वर्षी जानेवारीत बाजीराव वारले आणि लॉर्ड डलहौसीच्या सरकारने निवृत्तिवेतन बंद केले. करारातील वेतन पेशव्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी होते, हा नानासाहेबांचा युक्तिवाद होता. ते केवळ बाजीरावांच्या हयातीपुरते होते, हे सरकारचे उत्तर होते. जहागीर राहिली, पण तिच्यातील कोर्टमाफीचा विशेष हक्क गेला. विलायतेत संचालक मंडळाकडे अर्ज झाला, १८५३ साली अजिमुल्लाखान लंडनला जाऊन आले. निष्पन्न काही झाले नाही. शेकडो कुटुंबांचे मासिक वेतन ज्या खजिन्यातून येई त्याची आवकच थांबली. सत्तावनच्या तोफा डागल्या जाण्यापूर्वी सहा वर्षे या गावाचा आधार सुटलेला होता. नानासाहेबांच्या हातून पुढे जे घडले त्याचा विचार करताना, त्यांच्या दारी तिष्ठत असलेल्या या आश्रितसमूहाचे ओझे इतिहासकारांनी ध्यानात घ्यावयास हवे.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. तिचे केवळ टप्पे सांगतो. जून १८५७ च्या पहिल्या आठवड्यात कानपूरचे शिपाई उठले व नानासाहेब त्यांचे अग्रणी झाले. २७ जूनला सतीचौरा घाटावर आणि १५ जुलैला बिबीघरात जो संहार झाला त्याने इंग्रजांच्या मनात सूड पेटला, आणि त्या सुडाच्या भरात असंख्य निरपराध एतद्देशीयांचेही बळी गेले. १७ जुलैला हॅवलॉकने कानपूर घेतले, त्यानंतर दोनच दिवसांत इंग्रजी फौज बिठुरास येऊन तिने वाडा उद्ध्वस्त केला. १६ ऑगस्टला येथेच लढाई झाली. डिसेंबरात होप ग्रँटची तुकडी पुन्हा आली. विहीर उपसून तीत टाकलेली सोन्यारुप्याची भांडी व जडजवाहीर काढण्यात आले, आणि उरलेसुरले वाडे-देवळेही पाडण्यात आली. नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. तात्या टोपे यांस १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्रीस फाशी देण्यात आले. झाशीची राणी त्यापूर्वीच, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली होती.

वीरांचे काय झाले हे आपण जाणतो. कारकुनांचे, पुराणिकांचे, विधवांचे, स्वयंपाक्यांचे काय झाले? त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. बंडाच्या त्या धामधुमीत सामान्य मराठी माणसाची उत्तर हिंदुस्थानात कशी दैना झाली याचे चित्र आपल्याला मिळते ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेल्या या गरीब भिक्षुकाने आपल्या आठवणी पुढे पंचवीस वर्षांनी लिहून काढल्या, आणि भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी त्या १९०७ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत ब्रह्मावर्ताचीही हकीकत आहे. पण गोडसे हे वाटसरू होते. गावातल्या रहिवाशाने लिहिलेली अशी कथा आपल्यापुढे नाही. परिणामी पेशव्यांच्या ब्रह्मावर्तातील दिवसांचा इतिहास मुख्यतः कमिशनरांच्या पत्रव्यवहारावरून रचावा लागतो. डॉ. प्रतुलचंद्र गुप्त यांचे शेवटचा पेशवा व इंग्रज कमिशनर यांवरील १९४४ चे पुस्तक याच सामग्रीवर उभे आहे. ते पुस्तक मोलाचे आहे. पण ज्यांनी पहारा केला त्यांच्याच दप्तरातून पहाऱ्यातल्या लोकांचे जीवन वाचावे लागावे, ही गोष्ट मराठी वाचकास खिन्न केल्यावाचून राहत नाही.

बंडानंतर जी घरे उरली त्यांना पोटासाठी गाव सोडणे भाग होते. १८६० नंतर कानपुरास कातड्याचे व कापडाचे कारखाने निघाले, रेल्वेचे जाळे पसरले, आणि बिठूरचे नावेवरचे व यात्रेवरचे व्यवहार त्या नव्या शहराच्या छायेत कोमेजले. ज्यांना अक्षरओळख होती ते कानपूरला नोकरीस गेले. ज्यांची सोयरीक होती ते ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, काशीकडे पांगले. बाजीरावांची कन्या बयाबाई ग्वाल्हेरच्या आपटे घराण्यात दिलेली होती. पेशव्यांच्या घरातील शेवटची आठवण अशा रीतीने ब्रह्मावर्तात न राहता शिंद्यांच्या राजधानीत राहिली.

आजचे बिठूर एक नगरपंचायत आहे. २०११ च्या जनगणनेत तेथील वस्ती सुमारे ११,००० होती. कार्तिकी पौर्णिमेस मोठा मेळा भरतो. पेशव्यांच्या वाड्याच्या परिसरात स्मारक-उद्यान आहे, त्यात नानासाहेबांचा पुतळा आहे, वस्तुसंग्रहालय आहे. रेल्वेच्या फाट्यावरील स्थानकाचे नाव अजून ‘ब्रह्मावर्त’ असेच आहे. कानपुरापासून बिठूरकडे येताना वाटेत कल्याणपुराजवळ देशातील अग्रगण्य तंत्रविद्येची संस्था लागते. विद्येने किती दूरचे तरुण येथे आणून वसविले याचा तो नमुना या जुन्या गावाच्या उंबरठ्यावरच आहे. गावातील मराठी घरे मात्र आता अगदी थोडी राहिली आहेत. वयस्क माणसे मराठी समजतात. पुढची पिढी हिंदीत विचार करते, हिंदीत शिकते, आणि आडनावाखेरीज तिच्यापाशी मराठीपणाची खूण क्वचितच उरते. यात त्या पिढीचा दोष काय? जेथे मराठी पुस्तक नाही, मराठी शिकविणारा नाही, चार मराठी माणसांनी एकत्र जमावे असे ठिकाण नाही, तेथे भाषा केवळ स्वयंपाकघरात किती काळ जगणार?

याहून सूक्ष्म असा एक ऱ्हास आहे, तो स्मृतीचा. स्मारकामुळे ब्रह्मावर्ताचे नाव राहिले, पण ते केवळ १८५७ च्या सहा महिन्यांपुरते. त्यापूर्वीची अडतीस वर्षे, म्हणजे येथे संसार करणाऱ्या, लेकी-सुना नांदविणाऱ्या, पत्रे लिहिणाऱ्या, उसने मागणाऱ्या, सण साजरे करणाऱ्या माणसांचे आयुष्य, या स्मृतीत कोठेच नाही. गावाचा इतिहास म्हणजे त्याच्या विनाशाचा इतिहास, असे समीकरण होऊन बसले आहे.

आता याच्या उलट बाजूस पाहावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली निघाले. म्हणजे बाजीराव हयात असताना. हैदराबादेत १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली. इंदुरास १९१५ साली महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली. काशीच्या मराठी वस्तीस कोणाचे आठ लक्षांचे वेतन नव्हते. पण तेथे अध्ययन-अध्यापनाची परंपरा होती, म्हणून बापूदेवशास्त्र्यांसारखे गणिती तेथे मान पावले आणि तेथेच जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हिंदी पत्रसृष्टीचे धुरीण झाले. होळकर, शिंदे, गायकवाड, निजाम यांच्या सत्ता गेल्या, सीमा बदलल्या, राजभाषा बदलल्या. परंतु जेथे लोकांनी स्वतःच्या वर्गणीने शाळा, वाचनालय अथवा सभा उभी केली होती तेथे मराठी वस्ती मोडली नाही. संस्थान बुडाले म्हणजे आश्रित बुडतो. वर्गणीदार बुडत नाही. ब्रह्मावर्तास आश्रित पुष्कळ होते, वर्गणीदार नव्हते.

अर्थात या समाधानात गाफील राहण्यासारखी आपलीही स्थिती नाही. आपल्यापैकी कित्येक गावांतील मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत आणि वाचनालयांत येणाऱ्या वाचकांचे सरासरी वय दरवर्षी वाढत आहे. इमारत आहे, फलक आहे, वार्षिक सभेचे इतिवृत्तही आहे. पण नवा वर्गणीदार येत नाही. ज्या संस्था पूर्वजांच्या पुण्याईवर चालतात त्यांची अवस्था पेन्शनीवर चाललेल्या गावाहून फार वेगळी नसते, हे चालकांनी ओळखावे.

ब्रह्मावर्ताविषयी अजूनही काही करता येण्यासारखे आहे. तेथून पांगलेली घराणी कानपूर, ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, काशी येथे आहेत. त्यांच्या माळ्यावरील पेट्यांतून मोडी पत्रे, जमाखर्च, लग्नाच्या याद्या, देवघरातील टिपणे असण्याचा संभव आहे. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यांची नावे असतात. ही सामग्री गोळा करून तिच्या नकला घेण्यास फार द्रव्य लागत नाही. मोडी वाचणारी चार माणसे आणि सुट्टीतील पंधरा दिवस लागतात. आपल्या सभासदांत शिक्षकांचा भरणा मोठा आहे. प्रत्येक केंद्रातील एका शिक्षकाने दोन विद्यार्थ्यांस मोडी शिकवावी आणि आपल्या गावातील एका जुन्या घरची एक पेटी उघडून पाहावी, एवढेच मागणे या लेखाच्या निमित्ताने करावयाचे आहे. त्या पेटीत ब्रह्मावर्त निघेल न निघेल. आपल्या स्वतःच्या गावची चार पाने तरी निघतील, आणि ती कोणा कमिशनरच्या दप्तरात शोधण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येणार नाही.